जुनं सन वर्कस्टेशन चालू होतं, पण स्वतःचं नाव विसरतं : बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर सनची, म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीची, नऊ मशीन आली. त्यातल्या सात मशीनचा आजार एकच निघाला. तरी प्रत्येक मालकाने आल्या आल्या हेच म्हटलं, "मदरबोर्ड गेला वाटतं." पहिल्या मशीनच्या वेळी मीसुद्धा हेच म्हटलं होतं. मुंबईहून दुसरा बोर्ड मागवला, पैसे भरले, तो बसवला, आणि त्यानेही हुबेहूब तीच तक्रार दाखवली. दोन्ही बोर्डांवरची एक छोटी चिप एकाच वयाची होती आणि दोन्हीकडे तिचा जीव गेला होता. ही पोस्ट त्या चिपबद्दल आहे.

कॉलेजच्या लिलावातून किंवा भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने तुम्ही नुकतंच असं मशीन उचललं असेल, तर आधी लक्षणं जुळतात का बघा. मशीन म्हणजे स्पार्कस्टेशन ५, १०, २०, आयपीएक्स, क्लासिक किंवा अल्ट्रा. खापरावरचा मांडा आडवा मावेल असं चपटं खोकं दिसलं तर ते बहुधा ५, १० किंवा २० असेल.

लक्षणं अशी असतात. पंखा फिरतो, पडद्यावर सनचा लोगो येतो, मेमरी मोजली जाते. मग "आयडीप्रॉम कन्टेन्ट्स आर इनव्हॅलिड" (मशीनची ओळख साठवणाऱ्या मेमरीतली माहिती चुकीची आहे) अशा अर्थाची ओळ येते. लोगोशेजारी इथरनेट पत्त्याच्या (नेटवर्कवरच्या ओळखीच्या) जागी एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ:एफएफ आणि होस्ट आयडीच्या (मशीनच्या क्रमांकाच्या) जागी आठ एफ दिसतात. तारीख भलतीच असते. डिस्क चांगली असूनही मशीन तिच्याकडे न वळता नेटवर्कवरून बूट व्हायला बघतं आणि "टाइमआउट वेटिंग फॉर एआरपी/आरएआरपी पॅकेट" (नेटवर्कवरून उत्तर आलं नाही) हे एकच वाक्य तासभर छापत बसतं. आज हाताने सगळं नीट केलं तरी मेन स्विच बंद करून चालू केला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. ही शेवटची खूण सगळ्यात पक्की आहे.

पंखाच फिरत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर तुमची तक्रार वेगळी आहे. थेट शेवटच्या भागाकडे जा आणि तोवर प्लग काढून ठेवा.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. सनने या मशीनमध्ये साध्या पीसीसारखा बदलता येणारा सेल दिलाच नाही. घड्याळ, थोडी मेमरी, क्रिस्टल आणि लिथियम सेल हे सगळं एकाच काळ्या उंच चिपमध्ये बंद केलं. जुन्या आयपीएक्सच्या पिढीत ती एम४८टी०२ आहे, स्पार्कस्टेशन ५, १० आणि २० मध्ये एम४८टी०८, अल्ट्रामध्ये एम४८टी५९. आतल्या सेलचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं होतं. स्पार्कस्टेशन ५ आणि २० दोन्ही १९९४ चे, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. त्यात आपल्याकडची उष्णता. लिथियम सेल उन्हात लवकर झिजतो, आणि जळगाव-भुसावळच्या पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेल्या मशीनचा सेल शिल्लक असेल अशी आशा मी धरत नाही. सेल संपला की त्या मेमरीतला मशीनचा पत्ता, क्रमांक आणि बूटच्या सूचना पुसल्या जातात. बाकी मशीन ठणठणीत असतं.

आता तपासणी. फुकटातलं आधी, कानस सगळ्यात शेवटी.

प्लग लावण्याआधी. मागच्या बाजूचं लेबल वाचा. बऱ्याच सन मशीनचा पुरवठा (पॉवर सप्लाय) १०० ते २४० व्होल्ट स्वतःच सांभाळून घेतो, पण सगळ्यांचा नाही. काही पुरवठ्यांवर ११५/२३० चा छोटा स्विच असतो, आणि अमेरिकेतून आलेल्या मशीनवर तो ११५ वर असतो. तसाच आपल्या २३० वर लावला तर एक आवाज होतो आणि त्यानंतर तपासण्यासारखं फार काही उरत नाही.

मग अर्थिंग. मल्टिमीटरने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज बघा. दोन-तीन व्होल्ट असेल तर ठीक. अर्थिंगच नसेल तर मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात. पुरवठ्यातल्या फिल्टरमधून पत्र्यावर थोडा करंट येतच असतो, त्याला जमिनीत जायला वाट लागते. मोडेम, मॉनिटर आणि मशीन वेगवेगळ्या अर्थिंगवर जोडले तर हीच मुंगी सीरियल पोर्टमधून वाट काढते. जुन्या वाड्यात राहत असाल तर हा मुद्दा वरवर वाचून सोडू नका.

खोकं उघडून धूळ काढा. अमळनेरहून आलेलं एक मशीन आधी जिनिंगच्या ऑफिसात होतं. पुरवठ्याच्या पंख्यात कापसाच्या तंतूंची गादी बसली होती, हाताने सोलून काढावी लागली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने फिरणारा पंखा उलटी वीज तयार करतो.

मशीन कूलरसमोर ठेवू नका. मे महिन्यात खोलीत कूलर लागतोच, पण त्याची ओली हवा आणि क्षाराचं पाणी सरळ बोर्डावर बसतं. खोली चाळिशीच्या वर असेल तर मी मशीन चालूच करत नाही. ते काम पहाटे.

कीबोर्ड आणि पडदा. पडदा काळा आहे म्हणून मशीन मेलेलं समजू नका. या मशीनना कीबोर्ड सापडला नाही की ती पडद्याकडे पाठ फिरवतात आणि सगळं बोलणं पहिल्या सीरियल पोर्टवर सुरू करतात. कीबोर्ड सनचाच लागतो, आठ पिनांचा. पीसीचा गोल प्लग दिसायला तसाच असतो, तो दाबून बसवू नका. कीबोर्ड नसेल तर नल मोडेम केबल (पाठवण्या-घेण्याच्या तारा उलटसुलट जोडलेली सीरियल केबल) घ्या आणि लॅपटॉपवर टर्मिनल ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं लावा. मी हल्ली बहुतेक कामं अशीच करतो, पडद्याच्या भानगडीत पडत नाही. जुन्या सनच्या पडद्याची १३डब्ल्यू३ जोडणी आणि त्याचा सिंक हा वेगळाच ताप आहे. अडॅप्टर लावला तरी सगळे आजचे एलसीडी तो सिग्नल ओळखत नाहीत.

मशीन चालू असताना कीबोर्ड काढू नका. मशीन जागच्या जागी थांबतं, आणि काही बोर्डांवर कीबोर्डच्या वाटेवरचा फ्यूज उडतो. एका मशीनचा फ्यूज मीच उडवला आहे.

पडद्यावर काय आलं ते वाचा आणि फोटो काढा. स्टॉप आणि ए ही बटणं एकत्र दाबली, किंवा टर्मिनलवरून ब्रेक पाठवला, की "ओके" असा प्रॉम्प्ट येतो. तिथे बॅनर टाइप करा (सगळ्या आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत). इथरनेट पत्त्यात सगळे एफ आले, तर नव्वद टक्के काम झालं. पत्ता ०८:००:२० ने सुरू होत असेल आणि पुढेही खरा वाटत असेल, तर चिप जिवंत आहे. मग बूट न होण्याचं कारण दुसरीकडे आहे, सरळ डिस्कच्या तपासणीकडे जा.

नेटवर्क का चालत नाही, हेही इथेच कळतं. सगळे एफ हा पत्ता "सगळ्यांसाठी" असा राखून ठेवलेला आहे. एखाद्या माणसाने पाकिटावर पाठवणारा म्हणून "समस्त गावकरी" लिहिलं, तर उत्तर कोणाला पाठवायचं?

खरी परीक्षा, फुकटात. बहुतेक जण ही पायरी टाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. चिपमधली माहिती तात्पुरती हाताने भरायची आणि बाकी मशीन चालतं का ते बघायचं.

आधी ओके प्रॉम्प्टवर सेट-डिफॉल्ट्स द्या. मग ओळखपत्र भरा. ते सोळा बाइटचं असतं आणि त्याच्या जागा शून्यापासून एफपर्यंत मोजतात. जागा शून्य : नेहमी ०१. जागा एक : मशीनचा प्रकार. स्पार्कस्टेशन ५ ला ८०, स्पार्कस्टेशन १० आणि २० ला ७२, आयपीएक्सला ५७. जागा दोन ते सात : इथरनेट पत्ता. आठ ते बी : बनवल्याची तारीख, इथे शून्य चालतात. सी ते ई : मशीनचा क्रमांक. आणि शेवटची जागा एफ : आधीच्या पंधरा बाइटचा एक्सॉर (बिट-बिट जुळवण्याची क्रिया), म्हणजे चेकसम, माहिती बरोबर आहे का ते पडताळणारी संख्या. भरण्याची आज्ञा एमकेपी. आधी भरायची संख्या, मग जागा, मग एमकेपी. म्हणजे पहिली ओळ "१ ० एमकेपी" अशी होते. सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर (० ते ९, मग ए ते एफ).

चेकसमला लोक घाबरतात, कागद-पेन्सिल घेऊन बसतात. एक सोपी वाट सांगतो. मशीनच्या क्रमांकात इथरनेट पत्त्याचे शेवटचे तीन बाइटच पुन्हा लिहा आणि तारीख शून्य ठेवा. एक्सॉरमध्ये तीच संख्या दोनदा आली की ती कटते. त्यामुळे शेवटचे तीन बाइट काहीही असोत, उरतं ते ठरलेलंच. स्पार्कस्टेशन ५ साठी ०१, ८०, ०८, २० यांचा एक्सॉर ए९ येतो. १० आणि २० साठी ५बी. हे दोन आकडे मी कपाटाच्या दारावर खडूने लिहून ठेवले आहेत.

मूळ पत्ता कुठून आणायचा? चिपवर बहुतेकदा बारकोडचं स्टिकर असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. डिस्क वाचता आली तर जुन्या लॉगमध्ये पत्ता सापडतो. जुनं परवान्याचं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर मूळ होस्ट आयडी शोधण्याचे कष्ट घ्याच, कारण ते परवाने त्याच क्रमांकाला बांधलेले असायचे. तसं काही नसेल तर ०८:००:२० च्या पुढे काहीही भरा. या छंदातले लोक गमतीने सी०:एफएफ:ईई भरतात, रोमन अक्षरांत ते "कॉफी"सारखं दिसतं. मीही तेच केलं, पण दोन मशीनमध्ये केलं आणि दोन्ही एकाच स्विचवर लावली. आळीपाळीने एकेक गायब व्हायचं. दोन दिवस मी केबली बदलत होतो.

भरून झालं की पुन्हा बॅनर द्या. पत्ता नीट दिसला की डिस्कवरून बूट करून बघा. चाललं? मग बोर्ड, मेमरी, डिस्क, पुरवठा सगळं चांगलं आहे आणि तुमचा खर्च फक्त एका चिपचा किंवा एका सेलचा आहे. आता मशीन पूर्ण बंद करा, चहा घ्या, पुन्हा चालू करा. पत्ता पुन्हा एफ झाला तर सेल गेला. पत्ता टिकला तर सेल अजून तग धरून आहे, फक्त माहिती बिघडली होती. तरी मी म्हणेन, भरवसा ठेवू नका.

चिप आणि मेमरी हलवून बसवणं. ही चिप बहुतेक बोर्डांवर सॉकेटमध्ये असते. ती हळूच दोन्ही टोकांनी आलटून-पालटून उचला. एका बाजूने ओढली तर पाय वाकतात. पिनांवर काळपटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. परत बसवताना खाच सॉकेटच्या खाचेकडेच हवी. उलटी बसवली की चिप गरम होते आणि मरते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी अर्थ असलेल्या पत्र्याला हात लावा. मेमरीच्या पट्ट्याही एकदा काढून बसवा. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात, आणि मोजणी अर्धवट येत असेल तर याने सुटते.

डिस्क. ओके प्रॉम्प्टवर प्रोब-स्कझी द्या (स्कझी म्हणजे डिस्क जोडण्याची जुनी पद्धत). डिस्क यादीत दिसली पाहिजे, आणि स्पार्कस्टेशनमध्ये सनची सवय अशी की बूटची डिस्क टार्गेट ३ वर (टार्गेट म्हणजे स्कझीच्या तारेवरचा क्रमांक) आणि सीडी टार्गेट ६ वर. जंपर बदलून दुसऱ्या क्रमांकावर लावलेली डिस्क दिसेल, पण मशीन आपणहून तिथून बूट होणार नाही. यादीत काहीच नसेल तर टर्मिनेशन (तारेच्या टोकाला लागणारा रोध) आणि केबल बघा. डिस्क फिरण्याचा आवाजच येत नसेल तर ती चिकटलेली असते. अशा डिस्कवर फार जीव लावू नका. एकदा फिरली तर पहिलं काम तिची प्रत काढणं. मग ब्लूस्कझीसारखा कार्डवर चालणारा पर्याय लावा. आवाज जातो, उष्णताही कमी होते. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू देत.

आता चिप. दोन रस्ते आहेत. पहिला, नवी चिप. सोपा रस्ता, पण ऑनलाइन "नवी" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच चिप जुन्याच असतात, वरचा छाप घासून नवा केलेला. माझ्याकडे आलेल्या तीनपैकी दोन पहिल्याच रात्री विसरल्या. विकणाऱ्याकडून परत घेण्याची हमी नसेल तर घेऊ नका. खरी नवी चिप कारखान्यातून घड्याळ थांबवून येते, सेल वाचावा म्हणून. त्यामुळे बसवल्यावर तारीख पुढे सरकत नसेल तर घाबरू नका, ऑपरेटिंग सिस्टिममधून एकदा वेळ लावा.

दुसरा रस्ता माझ्या आवडीचा : जुन्याच चिपला बाहेरून सेल लावणं. सीआर२०३२ चा सेल आणि होल्डर मिळून शंभराच्या आत येतो. चिप दोन थरांची असते. खाली खरी आयसी, वर टोपी. टोपीत सेल आणि क्रिस्टल. दोन्ही थरांना जोडणारे धातूचे पाय दोन टोकांना असतात, एका टोकाला सेलचे, दुसऱ्याला क्रिस्टलचे. तुमच्या नेमक्या चिपचा फोटो बघून सेलचं टोक कुठलं याची आधी खात्री करा. मी एकदा खात्री न करता कानस चालवली आणि क्रिस्टलचा पाय तोडला. त्या चिपला पत्ता अजून आठवतो, घड्याळ मात्र कायमचं थांबलं.

काम बारीक कानशीने करा, करवत चालवली तर हाताचा अंदाज चुकतो. दोन थरांच्या सांध्यावर घासत राहा. काळी भुकटी पडते, जळक्या बटणासारखा वास येतो, तोंडावर मास्क लावा. मग काळ्यात एक पिवळसर ठिपका चमकतो, मोहरीएवढा. थांबा. तोच पाय. शेजारी दुसरा उघडा करा. मल्टिमीटर लावा. मेलेला सेलही बहुतेकदा अर्धा-एक व्होल्ट दाखवतो, त्यावरून धन आणि ऋण कुठलं ते कळतं, आणि ते लगेच चिपवर मार्करने लिहा. मग हे पाय टोपीच्या बाजूने तोडा. ही पायरी विसरली तर नवा सेल जुन्या मेलेल्या सेलमध्ये रिकामा होत राहील. खालच्या बाजूच्या दोन टोकांना बारीक वायर जोडा. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे, ते एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. होल्डर चिपच्या डोक्यावर दुहेरी टेपने चिकटवा, पण आधी खोकं बंद होतं का बघा. चपट्या मशीनमध्ये वर कार्ड येतं, तिथे होल्डर बाजूला घ्यावा लागतो.

धुळ्याच्या एका मित्राचं मशीन असं दुरुस्त करत होतो, तेव्हा त्याचे वडील दारात उभे राहून म्हणाले, "हाई डबडं कसाले लई उना भो?" (हे डबडं कशाला घेऊन आलास भाऊ?) मी सेल बसवला, सोळा बाइट भरले, बंद करून चालू केलं, पत्ता टिकला. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, घड्याळाचा सेल बदलायला एवढा वेळ?

इथे थांबा. पुढची कामं मी करत नाही, तुम्हीही करू नका.

पुरवठ्याचा डबा उघडायचा नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या अशा पुरवठ्यात मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. पंखा फिरून लगेच थांबणं, टकटक आवाज, मासळीसारखा किंवा जळका वास, बोर्डावर कपॅसिटरखाली ओलसर डाग, यातलं काहीही दिसलं तर प्लग काढा. ऐंशीच्या दशकातल्या मशीनमध्ये फिल्टरचे पिवळट पारदर्शक कपॅसिटर असतात, ते तडकतात आणि वर्षानुवर्षं बंद राहिलेलं मशीन चालू केल्यावर धूर काढतात. ते बदलणं सोपं आहे, पण ज्याला रोज एसएमपीएस (असे पुरवठे) दुरुस्त करायची सवय आहे त्याच्यासाठी.

काचेच्या मोठ्या पडद्याच्या मागे तर हातच घालायचा नाही. तिथे वीस हजार व्होल्टच्या पुढचं काम असतं. गावात जुना टीव्ही मेकॅनिक असेल, ज्याने पिक्चर ट्यूबच्या जमान्यात दुकान चालवलं, तोच तुमचा माणूस. कॉम्प्युटरच्या दुकानात नेऊ नका, तिथली पोरं ट्यूबशी खेळलेली नाहीत.

आणि सोळा बाइट भरूनही मशीन ओके प्रॉम्प्टवर टिकत नसेल, मधेच गोठत असेल किंवा मेमरीच्या पट्ट्या बदलूनही तीच चूक येत असेल, तर तो बोर्डाचा आजार आहे. एसएमडीचं (बोर्डाच्या पृष्ठभागावर सोल्डर केलेल्या बारीक भागांचं) काम करणारा कारागीर गाठा.

पुरवठा दुरुस्तीला देताना अख्खं मशीन नेऊ नका. डबा स्क्रू काढून वेगळा करा, लेबलचा फोटो सोबत द्या आणि बोर्डाकडे जाणाऱ्या प्लगच्या कुठल्या तारेवर किती व्होल्ट हवेत ते कागदावर लिहून द्या. सनच्या तारांचे रंग पीसीच्या सवयीने वाचले तर चुकायला होतं. दुरुस्त होऊन आला की आधी बोर्डाशिवाय, एखाद्या जुन्या डिस्कचा भार लावून सगळे व्होल्टेज मोजा, मगच तो मशीनला जोडा.